मूद, वाटी आणि सोनेरी घुमट

“वीट आहे,” व्याही म्हणाले.

“लोखंड,” हे म्हणाले.

“मी आत जाऊन पाहून आलो ना जी! गोल आहे, ठेंगणा आहे, विटांचा आहे. वरून गिलावा मारून चित्रं काढली.”

“आणि मी आल्यापासून रोज ह्या खिडकीतून बघतोय. उंच आहे, निमुळता आहे आणि ओतीव लोखंडाचा आहे. एवढी उंची विटेत काढली असती तर खालचे खांब पापडासारखे मोडले असते.”

मी बासुंदीचं पातेलं हातात धरून उभी होते. ऋजुताच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या घरी केळवण चाललं होतं. लग्न परवावर आलेलं. एका बाजूला आमचे हे, श्रीधर माईणकर, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. दुसऱ्या बाजूला होणारे व्याही, नागपूरचे प्रभाकरराव देवपुजारी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. ही दोन खाती महाराष्ट्रात एकमेकांशी कशी वागतात ते ज्यांनी सरकारी वसाहतीत दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. पोरांनी प्रेम जमवताना जात पाहिली नाही, गाव पाहिलं नाही, ते ठीकच. पण निदान खातं तरी पाहायचं!

वाद चालला होता तो खिडकीतून दिसणाऱ्या घुमटाबद्दल. अमेरिकेतल्या एका राज्याच्या राजधानीत आम्ही बसलो होतो. राज्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण आमच्या लग्नाची आठवण तिथल्या रखवालदारांना अजून असणार. तिकडे प्रत्येक राज्याला आपापलं विधानभवन असतं आणि घुमटाखाली बसल्याशिवाय कायदा पिकत नाही अशी बहुतेक राज्यांची समजूत दिसते. वॉशिंग्टनला मोठा घुमट झाला, तो बघून ह्याने बांधला, त्याने बांधला. टेक्सासवाल्यांनी तर वॉशिंग्टनपेक्षा उंच बांधला. लुइझियानाने घुमट सोडून सरळ मनोरा उभा केला, म्हणून आमचे हे त्या राज्यावर रागावलेले होते. ही सगळी माहिती त्यांनी विमानात मला ऐकवली होती. मी झोपले होते, पण त्याने काही फरक पडला नाही.

ह्या राज्याच्या घुमटाला सोन्याचा मुलामा होता. त्याच्याखालच्या गोल जागेत, तिकडे तिला रोटंडा म्हणतात, लोकांना लग्न लावू देतात. ऋजुताचं ऑफिस समोरच. शार्दूल, म्हणजे आमचा होणारा जावई, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करायचा. दोघं विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसून डबे खाता खाता एकमेकांच्या डब्यात हात घालायला लागले. त्यामुळे लग्न तिथेच लावायचं असं त्यांनी ठरवलं. तांदूळ टाकायला बंदी होती, म्हणून अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या. बाकी अंतरपाट, मंगलाष्टकं, कन्यादान, सगळं रीतसर.

“हे बघा,” ह्यांनी आमटीची रिकामी वाटी ताटात पालथी घातली. “हा तुमचा घुमट. लोखंड. बाहेरून दिसतो तो.”

“हे पहा,” व्याह्यांनी आपल्या ताटातली भाताची मूद बोटाने दाखवली. “हा घुमट. आतून दिसतो तो. तुम्ही आत गेले काय? नाही ना? मग?”

“मला आत जायची गरज नाही. मी घुमट बाहेरून ओळखतो. पाटबंधाऱ्यात आयुष्यभर मातीचे ढीग रचलेल्या माणसाला उभं बांधकाम कसं कळणार?”

“अन् तुमचं खातं? उभं केलेलं आडवं होऊ नये म्हणून टेकू घेऊन फिरते! माझं धरण पहा म्हणा. इतकी वर्षं झाली, एक थेंब गळला नाही.”

“गळेल कसा?” हे म्हणाले. “त्यात पाणी आलंय कुठे?”

शार्दूलने डोळे मिटून घेतले, त्यावरूनच मला कळलं की हे खरं आहे. प्रभाकररावांच्या आयुष्यातलं ते एकुलतं एक धरण. त्यांनी जागा शोधण्यापासून भिंत उभी करण्यापर्यंत सगळं केलं, आणि त्यात पाणीच साठलं नाही. त्यांच्या घरात तो विषय कोणी काढत नसे. आमच्या ह्यांना तो कुठून तरी कळला होता आणि त्यांनी तो नेमका बासुंदीच्या आधी काढला.

व्याही ताटावरून उठले. केळवणाच्या ताटावरून! कुंदाताईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, “अहो, बसा ना,” म्हणून त्यांचा सदरा धरला, तर सदऱ्याचं बटण त्यांच्या हातात आलं.

“माईणकर,” व्याही म्हणाले, “तुम्ही माफी मागितल्याशिवाय मी माझ्या पोराला अंतरपाटामागे उभा करत नाही. सांगून ठेवतो.”

“आणि मी चुकलेल्या माणसाची माफी मागून कन्यादान करणार नाही,” हे म्हणाले. “मीही सांगून ठेवतो.”

शार्दूल बिचारा दोघांच्या मधे आला. “काका, बाबा, उद्या सकाळी घुमटात वरपर्यंत जायची परवानगी आहे माझ्याकडे. सगळे जाऊ. डोळ्यांनी बघा. जो चुकला असेल तो माफी मागेल. चालेल?”

दोघंही असे पटकन हो म्हणाले की मला हसू आलं. दुसरा तोंडावर पडणार ह्याची दोघांनाही खात्री होती.

मी स्वयंपाकघरात गेले तर ऋजुता ओट्याला टेकून उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

“आई, आम्ही दोघंच जाऊन रजिस्टर करून येऊ का? कुणाला त्रास नको.”

“वेडी आहेस का?”

“मला काही नको गं. हार नको, जेवण नको. फक्त बाबांनी माझा हात धरून द्यायला तिथे उभं राहायला हवंय. तेवढं एक.”

आमच्या ह्यांना मी ओळखून होते. एकदा ‘नाही’ म्हटलं की ते नाही सिमेंटसारखं धरतं, मग फोडायला घण लागतो. मी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि उरलेली बासुंदी फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विधानभवनाच्या पायऱ्यांशी उभे राहिलो. काय इमारत होती! दगडी खांब, चारी कोपऱ्यांना छोटे घुमट, मधे तो मोठा, सोन्याने चकाकणारा. डावीकडे एक सभागृह, उजवीकडे दुसरं. “दोन्ही सभागृहांना एकमेकांचं तोंड बघायला लागू नये म्हणून मधे घुमट घालतात,” हे मला म्हणाले. व्याही पलीकडच्या पायरीवर उभे राहून कुंदाताईंना म्हणत होते, “आपल्या नागपूरला काय कमी आहे? आपलंही विधानभवन आहे. हिवाळ्यात तर मुंबईचंच सरकार आपल्याकडे येते.” दोघं एकमेकांना ऐकू जाईल अशाच आवाजात बायकांशी बोलत होते.

घुमट दिसला की ह्यांची मान जी वर जाते ती खाली येत नाही. हे मला लग्न झाल्या झाल्याच कळलं होतं. लोक नव्या बायकोला महाबळेश्वरला नेतात. मला ह्यांनी विजापूरला नेलं, गोलघुमट बघायला. मी एकोणीस वर्षांची, जतची. चार माणसांत नवऱ्याशी बोलायची चोरी, सासरी येऊन महिना झालेला, आणि हा माणूस घुमटाच्या भिंतीला बोटाने ठोकून बघतोय. तिथल्या माणसाने सांगितलं, इकडे भिंतीला तोंड लावून पुटपुटलं की पार समोरच्या बाजूला ऐकू येतं. हे समोरच्या बाजूला गेले. मी भिंतीला तोंड लावून एक गोष्ट बोलले. काय बोलले ते राहू द्या. मग गोल फिरून त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, “ऐकू आलं?” तर म्हणाले, “छे! थापा मारतात हे लोक. भिंतीतून काही येत नसतं.” मी मनात म्हटलं, झालं! घुमटाला कान आहेत, नवऱ्याला नाहीत. नशिबाने त्याच वेळी जतला त्यांच्या खात्याचं काहीतरी तातडीचं काम निघालं आणि परत येताना मला चार दिवस माहेर मिळालं. तेव्हापासून बांधकाम खात्याला कोणी नावं ठेवली की मी त्या माणसाशी भांडते. खड्ड्यात पडून हात मोडला तरी भांडते.

आत मार्जरीबाई आमची वाट बघत होत्या. निवृत्त शिक्षिका, हौसेने विधानभवन दाखवायला येणाऱ्या. पांढरे केस, अंगावर घुमटाचं चित्र असलेला स्वेटर. माझं इंग्रजी ऐकण्यापुरतं बरं आहे, अडेल तिथे ऋजुता सांगत होती.

“ही आमची तिसरी इमारत,” मार्जरीबाई म्हणाल्या. “पहिली लाकडी होती. हिवाळ्यात इतकी थंडी वाजायची की आमदारांनी एकेक करून मागची बाकं जाळली. दुसरी पूर्ण जळली.”

“बाकं कमी पडली असतील,” हे म्हणाले.

मला वाटलं, व्याही आता हसणार. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललंसुद्धा. पण त्यांनी ते आवरून घेतलं आणि राज्यपालांच्या तसबिरी बघायला लागले.

कुंदाताईंना चक्कर यायची, त्या खालीच बाकावर बसल्या. आम्ही वर निघालो. आधी रुंद संगमरवरी जिना, मग अरुंद दगडी, मग लोखंडी, गोल गोल फिरणारा. ह्यांचे गुडघे वाजत होते, व्याह्यांचा श्वास वाजत होता, पण दोघांपैकी कोणी थांबायला तयार नाही. एक थांबला की दुसरा जिंकणार! मार्जरीबाई पुढून हरणासारख्या चालल्या होत्या आणि मागे वळून वळून म्हणत होत्या, “हृदयाचा त्रास नाही ना कुणाला?” ऋजुताने ते भाषांतर करून सांगितलं नाही.

एका बुटक्या दारातून वाकून आम्ही आत शिरलो आणि मार्जरीबाईंनी दिवा लावला.

आमच्या एका हाताला विटांची गोलाकार भिंत होती, खालून फुगत वर जाऊन मिटणारी. दुसऱ्या हाताला लोखंडाचे मोठाले वाकवलेले पट्टे, त्यांवर पत्रा, आणि ते आणखी कितीतरी उंच गेलेले. मधल्या पोकळीत जिना, आणि जिन्यावर आम्ही.

“दोन घुमट आहेत,” शार्दूल म्हणाला. त्याचा चेहरा शाळेत काच फोडलेल्या मुलासारखा झाला होता. “आतला विटांचा, ठेंगणा. बाहेरचा लोखंडी, उंच. खालून बघणाऱ्याला आतला दिसतो, गावातून बघणाऱ्याला बाहेरचा.”

“तुला माहीत होतं?” ऋजुता म्हणाली.

“अगं, माहीत होतं म्हणूनच तर आणलं. दोघंही बरोबर निघतील, दोघंही खूश होतील!”

इंजिनियर मुलगा, पण माणसांचं गणित कच्चं. मला केळवणाचं ताट आठवलं. ह्यांची पालथी वाटी, त्यांची भाताची मूद. कालच कोणीतरी ती वाटी उचलून त्या मुदीवर ठेवली असती तर एवढे जिने चढावे लागले नसते.

“असं का बांधलं हो?” मी विचारलं.

मार्जरीबाईंनी सांगितलं की इथे दोन वास्तुविशारद होते. एक म्हणाला, मैलभर लांब शेतात उभ्या असलेल्या माणसाला आपलं सरकार दिसलं पाहिजे, घुमट उंच हवा. दुसरा म्हणाला, आत उभ्या असलेल्या माणसाची मान मोडेल, घुमट ठेंगणा हवा. दोघांचं इतकं वाजलं की शेवटी ते एकमेकांशी बोलेनात. मग राज्याने दोन्ही बांधले.

“म्हणजे मी बरोबर होतो,” हे म्हणाले. “लोखंड आहे.”

“म्हणजे मी बरोबर होतो,” व्याही म्हणाले. “वीट आहे.”

“मग आता माफी कोणी मागायची?” मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

“अहो, चुकलेला माफी मागणार होता,” हे म्हणाले. “मी तर चुकलो नाही.”

“मी काहून मागू? मी कुठे चुकलो?”

दोघं चुकले असते तर काहीतरी मार्ग निघाला असता. दोघंही बरोबर निघाले म्हटल्यावर सगळंच मुसळ केरात. ऋजुता खाली उतरायला लागली. तिच्या ओढणीचं टोक जिन्याच्या लोखंडात अडकलं तर तिने ते इतक्या जोरात ओढलं की टर्रकन फाटलं.

उतरताना वाटेत आतल्या घुमटाच्या बुडाशी एक गोल सज्जा लागतो. एका बाजूला कठडा, खाली खोल तो रोटंडा, आणि दुसऱ्या बाजूला भिंतीला लागून दगडी ओटा. सगळे दमले होते म्हणून तिथे टेकलो. व्याही जाऊन पार पलीकडच्या बाजूला बसले, आमच्याकडे पाठ फिरवून, भिंतीला डोकं टेकून. पोरं जिन्यापाशी उभी होती, एकमेकांशीही बोलत नव्हती.

मार्जरीबाई म्हणाल्या, “गंमत बघायची का? इथे भिंतीशी कुजबुजलं की अगदी समोर बसलेल्याला ऐकू येतं.”

“थापा,” हे मराठीत म्हणाले. “विजापूरलाही असंच सांगतात.”

माझ्या मात्र डोक्यात दिवा लागला. मी व्याह्यांकडे पाहिलं. डोकं भिंतीला टेकलेलं, म्हणजे कान भिंतीलाच. हे थोडे बाजूला बसले होते. त्यांना समोर कसं सरकवावं ह्या विचारात मी होते, तेवढ्यात तेच उठले, “इथे गुडघ्यांना वारा लागतोय,” म्हणाले आणि दोन हात पुढे जाऊन बरोबर व्याह्यांच्या समोर बसले, तेही भिंतीकडे तोंड करून. देव माझ्या बाजूने होता. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि अगदी हळू विचारलं, “अहो, एक खरं सांगा. काल ते धरणाचं बोललात, ते बरं केलंत का?”

ते भिंतीलाच म्हणाले, “नाही.”

“मग?”

“माझी सगळी नोकरी दुरुस्त्यांत गेली. गटारं, विश्रामगृहाचे पत्रे, कलेक्टरच्या बंगल्याचा गिलावा. माझं म्हणून एक बांधकाम दाखव म्हटलं तर बस थांब्याची शेड आहे, तीही वाऱ्याने वाकलेली. त्या माणसाने अख्खं धरण उभं केलं. पाणी आलं नाही हा काय त्याचा दोष? पाऊस काय त्याच्या खात्यात होता?”

“मग कशाला बोललात?”

“पोरगी चालली ना.” ते बोटाने भिंतीवर रेघा ओढत होते. “काल तो माणूस जेवता जेवता सांगत होता, आमच्याकडे ऋजुता असं करेल, आमच्याकडे तसं करेल. आमच्याकडे, आमच्याकडे! आणि मी मान हलवत बसलो होतो. मला कुणावर तरी चिडायचं होतं. घुमट समोर होता.”

मी काही बोलणार होते, पण मलाच हुंदका आला. आणि तेव्हा भिंत बोलली.

“माईणकर.”

हे ताठ झाले.

“माईणकर, रडू नका ना जी.”

“मी रडत नाहीये!” हे ओरडले.

घुमटाने ते उचललं. नाहीये, नाहीये, नाहीये! सगळ्या घुमटभर ते फिरलं आणि खाली रोटंड्यात कोसळलं. खालून कुंदाताईंची किंकाळी आली, “काय झालं हो? कोण पडलं?” मग तीही फिरायला लागली. एका सभागृहाचं दार उघडून दोनचार सुटाबुटातली माणसं वर बघायला लागली.

पलीकडे व्याही भिंतीला चिकटून बसले होते. आता त्यांचा आवाज बारीक आणि अगदी कानाशी बसल्यासारखा येत होता. “पाणी आलं होतं, माईणकर. एका वर्षी आलं होतं. घोट्यापर्यंतच. पण आलं होतं.”

“घोट्यापर्यंत म्हणजे काही कमी नाही,” हे भिंतीला म्हणाले. “अगदी कमी नाही. मला क्षमा करा हो. मी फार वाईट बोललो.”

“काहून लाजवता? अन् पोरीचं काही मनात आणू नका. तुमच्याकडेच म्हणत जाईन मी. ‘तुमच्याकडे ऋजुता असं करते’ म्हणेन.” मग जरा थांबून म्हणाले, “अन् घुमट लोखंडाचाच आहे. गावाला दिसतो तोच खरा घुमट.”

“छे छे! विटांचाच. आत असतो तोच खरा. बाहेरचं नुसतं आवरण.”

“असं कसं? आवरण नसतं तर आतला भिजला असता ना! लोखंडच.”

“वीट म्हणतो मी!”

“लोखंड!”

दोघं उठले, सज्ज्यावरून दोन बाजूंनी तरातरा चालत आले आणि जिन्यापाशी समोरासमोर उभे राहून मोठमोठ्याने भांडायला लागले. हे विटेच्या बाजूने, व्याही लोखंडाच्या. मार्जरीबाई घाबरून ऋजुताला विचारत होत्या, आता काय झालं? ऋजुता हसत होती आणि रडत होती, तिला भाषांतर जमेना. शेवटी रखवालदार वर आला आणि खाली राज्याच्या कुरणांचं विधेयक चर्चेला आहे, कृपया शांतता राखा, असं सांगून गेला.

लग्न झालं. कसं झालं ते विचारू नका. घुमटाचं आमच्या कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. भटजींनी पहिलं “सावधान” म्हटलं, लोकांनी पाकळ्या टाकल्या. घुमटाने “सावधान” परत पाठवलं, लोकांनी पुन्हा टाकल्या. दुसरं मंगलाष्टक यायच्या आत पाकळ्या संपल्या. मग नागपूरकडची मंडळी खाली पडलेल्या वेचून टाकायला लागली. आमच्या एका आत्येबहिणीने हौसेने मंगलाष्टक म्हणायला घेतलं, तिचा सूर वर गेला आणि वरून दुसराच सूर होऊन खाली आला. ती त्याला धरायला गेली, तर तिसराच आला. राज्यपालांच्या तसबिरीसुद्धा कंटाळल्यासारख्या दिसायला लागल्या. रखवालदार मात्र टाळ्या वाजवत होते.

कन्यादानाला हे उभे राहिले. ऋजुताचा हात त्यांनी हातात घेतला आणि सोडेचनात. भटजी दोनदा खाकरले. मग व्याही पुढे झाले आणि त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “सावकाश होऊ द्या,” ते भटजींना म्हणाले. “आम्हाला घाई नाही.”

संध्याकाळी सगळं आटोपल्यावर आम्ही दोघं बाहेर त्या पायऱ्यांवर बसलो होतो. वर घुमट उन्हात पेटल्यासारखा दिसत होता. मला माझी हुशारी आता पोटात मावत नव्हती.

“तुम्हाला म्हणून सांगते,” मी म्हटलं. “काल मीच तुम्हाला बोलतं केलं. व्याही पलीकडे ऐकतायत हे मला माहीत होतं.”

“हं.”

“हं काय? तुम्ही थापा म्हणता ना? बघा, आली ना भिंतीतून माफी पलीकडे!”

“मी जागा का बदलली असं वाटलं तुला?”

“गुडघ्यांना वारा लागत होता म्हणून.”

“बंद घुमटात कुठला वारा?”

मी त्यांच्याकडे वळले.

“समोर उभं राहून मला बोलता आलं नसतं गं,” ते म्हणाले. “भिंत बरी पडली.”

“पण तुम्हाला कसं माहीत की पलीकडे जातं? विजापूरला तर तुम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं!”

त्यांनी चपला काढून पाय पायरीवर पसरले. गुडघा चोळला. मग घुमटाकडे बघत म्हणाले, “‘मला आईकडे जायचंय.’”

मी विजापूरला भिंतीला तेवढंच सांगितलं होतं. कोणाला म्हणून कधी सांगितलं नव्हतं.

“तुला लाज वाटली असती. म्हणून नाही आलं म्हटलं.”

“आणि जतचं ते तातडीचं काम?”

“कसलं काम! तुला घरी सोडलं आणि विश्रामगृहावर चार दिवस एकटाच पत्ते लावत बसलो.”

इतकी वर्षं मी बांधकाम खात्याला दुवा देत आले होते.